आईकडून लेकीला... किड्यांच्या घरातही!

मार्च-एप्रिल आला की आपल्याकडे वर्षाचं धान्य भरायची गडबड सुरू होते. गहू उन्हात घालायचे, तांदूळ चाळायचे, डब्यात कडुलिंबाचा पाला घालायचा, डाळींना एरंडेलाचा हात लावायचा... आणि एवढं सगळं करूनही श्रावणात डबा उघडावा तर आत सोंड्यांची जत्रा! रात्री स्वयंपाकघरात दिवा लावला की ओट्याखाली पळणारी झुरळं, प्रवासाच्या बॅगेतून घरात शिरलेले ढेकूण, शाळेतून लेकीच्या डोक्यात आलेल्या उवा, कुंडीतल्या रोपावर दाटीने बसलेला मावा आणि दिवेलागणीला गुणगुणणारे डास. आपलं निम्मं आयुष्य या मंडळींशी लढण्यातच जातं म्हणा ना!

पण मैत्रिणींनो, ज्यांच्याशी आपण इतकी वर्षं लढतो त्यांच्याबद्दलची एक गंमत आपल्याला फारशी कुणी सांगितलेली नसते. यातले बहुतेक किडे एकटे नसतातच. त्यांच्या शरीरात, अगदी पेशींच्या आत, जिवाणू मुक्कामाला असतात. हे जिवाणू म्हणजे रोगाचे जंतू नव्हेत, तर पिढ्यान् पिढ्यांचे सोबती. ते हवा-पाण्यातून येत नाहीत, तर आईच्या पोटातूनच लेकरात येतात. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. बापाचा यात सहसा काही वाटा नसतो.

असं लाखो, कोट्यवधी वर्षं चालत आलं की काय होईल? किडा बदलतो आणि जिवाणूही बदलतो. एकाच्या बदलाप्रमाणे दुसरा बदलत जातो. याला शास्त्रज्ञ 'सहउत्क्रांती' म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट अगदी आपल्या घरातली आहे. आणि ती नुसती गंमत म्हणून ऐकायची नाही बरं का! डेंग्यूसारख्या आजाराला आळा घालण्याचा एक नवा मार्ग याच नात्यातून निघाला आहे. तो कसा, ते शेवटी पाहू. आधी माव्याची ओळख करून घेऊ.

साखरपाण्यावरचा संसार

घेवड्याच्या, वालाच्या वेलावर, जास्वंदीच्या कळ्यांवर हिरवा-काळा मावा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. सुईसारखी सोंड झाडात खुपसून हा किडा रस पितो. आता या रसात असतं काय? मुख्यत: पाणी आणि साखर. शरीर बांधायला लागणारी प्रथिनं त्यात नावापुरती.

आपण लहान बाळाला नुसत्या साखरपाण्यावर वाढवू शकतो का? नाही. म्हणून तर आपण वरण-भात भरवतो. प्रथिनं ज्या छोट्या घटकांची बनलेली असतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातली काही आपलं शरीर तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. भातात जे कमी असतं ते डाळ पुरवते, डाळीत जे कमी ते भात. आपल्या आज्या-पणज्यांनी ही जोडी कुठलंही पुस्तक न वाचता जमवली.

माव्याच्या ताटात मात्र डाळच नाही! मग तो जगतो कसा? त्याच्या पोटात खास पेशी असतात आणि त्या पेशींमध्ये 'बुकनेरा' नावाचे जिवाणू भरलेले असतात. मावा त्यांना राहायला जागा देतो, साखर देतो. बुकनेरा त्या बदल्यात रसात नसलेली अमिनो आम्लं तयार करून देतो. म्हणजे माव्याची डाळ त्याच्या पोटातच शिजते! आणि जास्तीची जी साखर उरते ती चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकली जाते. शेतकरी 'चिकटा पडला' म्हणतात तो हाच. त्याच्यासाठी मुंग्या माव्याच्या मागे मागे येतात.

या जिवाणूला नाव मिळालं ते पॉल बुकनर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञावरून. किड्यांच्या पोटातले हे सोबती शोधण्यात त्यांनी सारा जन्म घालवला. १९७८ साली ते वारले आणि १९९१ साली माव्यातल्या जिवाणूला त्यांचं नाव देण्यात आलं.

आता हा बुकनेरा पुढच्या पिढीत जातो कसा? माव्याची मादी वर्षाचा बराच काळ नराशिवायच पिल्लं देते. अंडी नाहीत, थेट जिवंत पिल्लं, आणि तीही सगळ्या मुलीच. त्या मुली आईच्या पोटात असतानाच त्यांच्या पोटात त्यांच्या मुली आकार घेऊ लागलेल्या असतात. म्हणजे एकाच देहात आजी, आई आणि नात! आईच्या त्या खास पेशींतून थोडे बुकनेरा बाहेर पडतात आणि शेजारीच वाढणाऱ्या गर्भात शिरतात. जन्माआधीच लेकीची शिदोरी बांधून झालेली असते.

हे सगळं ऐकताना मला आठवतं ते आपलं विरजण. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. दह्यातही जिवाणूच असतात आणि तेही असेच एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात चालत राहतात. फरक एवढाच, की आपलं विरजण बिघडलं तर शेजारणीकडून वाटीभर आणता येतं. माव्याला ती सोय नाही. आईने दिलं तेवढंच. हा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

घरात बसून कसब गेलं

शास्त्रज्ञांनी माव्याच्या वेगवेगळ्या जातींची वंशावळ मांडली. मग त्यांच्या पोटातल्या बुकनेरांची वंशावळ मांडली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फांदीला फांदी जुळली! म्हणजे माव्याचं घराणं जिथे जिथे फुटलं, तिथे तिथे बुकनेराचंही घराणं फुटलं. याचा अर्थ हे जिवाणू मधेच कुठून आलेले नाहीत. माव्यांच्या मूळ पूर्वजाच्या पोटात एकदाच शिरले आणि तेव्हापासून तिथेच आहेत. ही गोष्ट निदान १६ कोटी वर्षांपूर्वीची असावी असा अंदाज आहे. त्या काळी पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते!

इतक्या वर्षांच्या मुक्कामाने बुकनेराचं काय झालं ते २००० साली कळलं. जपानी शास्त्रज्ञांनी त्याचे सगळे जीन्स वाचून काढले. जीन म्हणजे शरीरात काय नि कसं बनवायचं याची लिहून ठेवलेली कृती. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू असतो, तो बुकनेराचा लांबचा नातेवाईक. त्याच्याकडे अशा ४०००हून जास्त कृती आहेत. बुकनेराकडे उरल्या होत्या सुमारे ५८०! जवळजवळ सात भागांतले सहा भाग गेले. स्वत:चं कवच नीट बांधायची कृती गेली, मोडतोड दुरुस्त करायच्या बऱ्याच कृती गेल्या. पण माव्याला लागणारी अमिनो आम्लं बनवायच्या कृती मात्र त्याने जपून ठेवल्या. आज बुकनेरा माव्याबाहेर जगूच शकत नाही. आणि औषध देऊन माव्याच्या पोटातले बुकनेरा मारले, तर माव्याची वाढ खुंटते आणि त्याला पिल्लं जवळजवळ होतच नाहीत. दोघंही एकमेकांवाचून लुळे!

असं का व्हावं? एक कारण सरळ आहे. घर, जेवण, संरक्षण सगळं आयतं मिळालं की बाहेर जगायची कसबं लागत नाहीत. न लागणारी गोष्ट बिघडली तरी कुणाचं अडत नाही, मग ती हळूहळू नाहीशी होते. दुसरं कारण विरजणाचं. बाहेरचे मोकळे जिवाणू आपसात जीन्सची देवाणघेवाण करतात. एकाची कृती बिघडली तर दुसऱ्याकडून चांगली मिळू शकते. बुकनेरा पिढ्यान् पिढ्या एकाच घरात कोंडलेला. त्यात प्रत्येक वेळी आईकडून लेकीत जातात ते थोडेसेच. त्या थोड्यांत जी चूक असेल ती पुढच्या सगळ्यांच्या नशिबी येते. नॅन्सी मोरान या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली ही गोष्ट नीट मांडून दाखवली. या विषयात त्यांचं नाव फार मोठं आहे.

मग उन्हाळ्याची गोष्ट ऐका. मोरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००७ साली असं दिसलं, की काही माव्यांना ऊन सोसत नाही. कडक उष्णता लागली की पुढे त्यांना पिल्लं होत नाहीत. दोष माव्यात नव्हता, पोटातल्या बुकनेरात होता. त्याच्या एका कृतीजवळचं फक्त एक अक्षर गळालेलं होतं! उष्णतेत जिवाणूला सांभाळून घेणारी ती कृती होती. एक अक्षर जिवाणूचं गेलं आणि अख्ख्या किड्याचा वंश अडला. गंमत म्हणजे थंड हवेत हेच मावे जरा लवकर पिल्लं देत, म्हणून तर ती चूक टिकून राहिली.

२०१५ साली मोरान आणि युइपिंग युन या दोघींनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. ऊन न सोसणाऱ्या माव्याच्या पोटातले बुकनेरा काढून टाकले आणि बारीक सुईने ऊन सोसणाऱ्या माव्याचे बुकनेरा आत सोडले. आणि काय आश्चर्य, तो मावा आणि त्याच्या लेकी उन्हात तग धरू लागल्या. म्हणजे माव्याला जे कोट्यवधी वर्षांत जमलं नव्हतं ते या दोघींनी केलं... शेजारणीकडून वाटीभर विरजण आणून दिलं!

डब्यातला सोंडा आणि 'गरज सरो...'

आता आपल्या तांदळाच्या डब्याकडे वळू. पुढे सोंडेसारखं तोंड असलेला तो काळपट किडा, सोंडा. त्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. म्हणून तर धान्य चाळून, निवडून ठेवलं तरी महिन्याभराने आतून किडे निघतात.

या सोंड्याच्या पोटातला जिवाणू म्हणजे 'सोडालिस'. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच सोबती असा आहे. सोंड्यांच्या पूर्वजांकडे आधी दुसराच एक जिवाणू होता. तो गेला आणि त्याच्या जागी हा आला. ही अदलाबदल २८ हजार वर्षांच्या आतली असावी असं शास्त्रज्ञ सांगतात. माव्याच्या १६ कोटी वर्षांपुढे हे म्हणजे कालपरवाचंच! म्हणून सोडालिस अजून घरात रुळतो आहे. त्याच्याकडे कृतींचा साठा मोठा आहे, पण त्यातल्या बऱ्याचशा मोडकळीला आल्या आहेत. बुकनेराचं जे होऊन गेलं ते सोडालिसच्या बाबतीत होताना आपल्याला बघायला मिळतं आहे.

सोडालिसचं मुख्य काम आहे सोंड्याचं कवच टणक करायला लागणारं सामान पुरवणं. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत या जिवाणूशिवायचे सोंडे वाढवले. ते जगले, पण फिके, मऊ राहिले, सावकाश वाढले आणि त्यांना उडता येईना. मग २०१४ साली आणखी एक गोष्ट उघडकीला आली. सोंडा मोठा होतो तेव्हा आधी त्याच्या आतड्याजवळचे जिवाणू भराभर वाढतात. कवच पक्कं झालं, की सोंडा त्याच जिवाणूंना संपवून टाकतो आणि त्यांचं सामान स्वत:साठी वापरून घेतो! 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण जणू यावरूनच पडली असावी. फक्त मादीच्या अंडाशयातले जिवाणू सुरक्षित राहतात, कारण ते लेकरांना द्यायचे असतात.

इथे आपल्याला एक समजतं, की या सोबतीत प्रेमबीम काही नाही. हिशेब आहे. ज्याचा उपयोग आहे तोवर त्याला जागा.

बाकीच्या मंडळींचंही असंच. झुरळाच्या शरीरात चरबी साठवायची जागा असते, तिथल्या पेशींत जिवाणू राहतात. आपल्या लघवीवाटे बाहेर जाते तशी नायट्रोजनची घाण झुरळ आत साठवून ठेवतं आणि हे जिवाणू तिच्यापासून पुन्हा अमिनो आम्लं तयार करतात. कोंड्यापासून मांडा करणारी सुगरणच म्हणायची! म्हणून तर झुरळ कशावरही जगतं. ढेकूण आणि उवा नुसत्या रक्तावर जगतात. रक्तात ब गटातली काही जीवनसत्त्वं फार कमी असतात. ती ढेकणाला आणि उवेला त्यांच्या पोटातले जिवाणू पुरवतात. ढेकणाच्या पोटातले हे जिवाणू काढून टाकले तर त्याची वाढ होत नाही आणि वंशही वाढत नाही, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवलं.

फक्त लेकीच हव्यात!

ढेकणाला जीवनसत्त्व देणाऱ्या जिवाणूचं नाव आहे 'वोल्बाकिया'. १९२४ साली अमेरिकेत मार्शल हर्टिग आणि वोल्बाक या दोघांना तो डासाच्या अंडाशयात दिसला. आज असं मानतात, की जगातल्या कीटकांच्या जवळजवळ निम्म्या जातींत हा सापडतो. ढेकणाच्या घरी तो कामाचा आहे. पण इतर बऱ्याच घरांत तो सोबती कमी आणि कारस्थानी जास्त!

त्याचं असं आहे. वोल्बाकिया पुढच्या पिढीत जातो तो फक्त अंड्यातून. नराच्या शरीरात तो अडकला की तिथेच त्याचा शेवट. म्हणजे वोल्बाकियाच्या दृष्टीने मुलगी म्हणजे वंशाचा दिवा आणि मुलगा म्हणजे बंद गल्ली! आपल्याकडे जे उलटं चालतं त्याच्या बरोबर उलट. काही किड्यांत तर तो मुलग्यांचे गर्भच मारून टाकतो. भाऊ गेले की त्यांच्या वाट्याचं अन्न बहिणींना मिळतं, बहिणी वाढतात आणि त्यांच्याबरोबर वोल्बाकियाही.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर एक फुलपाखरू आहे, हायपोलिम्नास बोलिना. काळ्या पंखांवर निळसर कडेचे पांढरे ठिपके असलेलं हे फुलपाखरू आपल्याकडेही दिसतं. सामोआमध्ये वोल्बाकियाने या जातीत असा कहर केला होता, की २००१ साली शंभर फुलपाखरांत नर उरला होता जेमतेम एक. जात संपणार की काय अशी वेळ. पण २००६ साली शास्त्रज्ञ पुन्हा पाहतात तर नर जवळपास ४० टक्के! वोल्बाकिया गेला नव्हता, तो होताच. पण त्याच्या मारक खेळीला दाद न देणारा एक जीन फुलपाखरांत पसरला होता. अवघ्या १० पिढ्यांच्या आसपास! उत्क्रांती म्हणजे फक्त कोट्यवधी वर्षांची संथ गोष्ट, हा आपला समज या फुलपाखराने खोटा ठरवला. एकाने डाव टाकायचा, दुसऱ्याने तो उलटवायचा... सहउत्क्रांतीचा हाही चेहरा आहे.

डासाला डासच आवरणार?

वोल्बाकियाचा आणखी एक डाव आहे आणि तोच आपल्या कामाचा आहे. ज्या नरात वोल्बाकिया आहे त्याचं मीलन वोल्बाकिया नसलेल्या मादीशी झालं तर तिची अंडी फुकट जातात. पण मादीतही वोल्बाकिया असेल तर अंडी नीट उबतात. परिणाम काय? वोल्बाकिया असलेल्या माद्यांची पिल्लं वाढत जातात, नसलेल्यांची घटत जातात. काही काळाने सगळीकडे वोल्बाकियावालेच डास!

अशा न जुळणाऱ्या नरांचा उपयोग करून हानेस लावेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९६७ साली ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओकपो या गावातले, हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास संपवून दाखवले होते. अंडी फुकट जाण्यामागे वोल्बाकिया आहे हे तेव्हा ठाऊकही नव्हतं. ते कळलं १९७१ साली.

आता डेंग्यूकडे या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात वोल्बाकिया निसर्गत: सहसा नसतो. ऑस्ट्रेलियात स्कॉट ओनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकल्या केळ्यांवर जमणाऱ्या बारीक चिलटांमधला वोल्बाकिया घेतला आणि तो या डासाच्या अंड्यात सोडला. तेव्हा लक्षात आलं, की वोल्बाकिया पोटात असला की डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढतच नाही. डास चावतो, पण डेंग्यू देण्याची त्याची ताकद फार कमी होते. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराजवळ असे डास पहिल्यांदा सोडण्यात आले.

आमच्या बचत गटात डेंग्यूवर बोलणं चाललं होतं तेव्हा मी हे सांगितलं. एक काकू लगेच म्हणाल्या, "अहो ताई, आधीच डास काय कमी आहेत म्हणून आणखी सोडायचे?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर मिळतं इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात. तिथे शहराचे २४ भाग पाडले. त्यातल्या १२ भागांत लोकांच्या संमतीने अंगणाअंगणात वोल्बाकियावाल्या डासांच्या अंड्यांची छोटी भांडी ठेवली, उरलेल्या १२ भागांत नाही. २०२१ साली निकाल जाहीर झाला. डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी होते आणि दवाखान्यात भरती करावे लागणारे ८६ टक्क्यांनी! ज्या घरात एखाद्याला डेंग्यू होऊन प्लेटलेट्स उतरताना पाहिल्या आहेत, त्या घरातल्या बाईला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या देशातही पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने वोल्बाकिया असलेले एडिस डास प्रयोगशाळेत तयार केल्याचं २०२२ साली सांगितलं.

पण इथेही उन्हाचा मुद्दा आहेच! चिलटांमधून घेतलेल्या त्या वोल्बाकियाला कडक उष्णता मानवत नाही. पाणी फार तापलं तर अळीच्या पोटातले जिवाणू कमी होतात, असं ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात २०१७ साली आढळलं. वोल्बाकियाचा दुसरा एक वाण उष्णतेत जास्त टिकतो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना आठवा, म्हणजे यातली मेख कळेल. कुठला वाण कुठल्या हवेत चालेल हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आपण यातून काय घ्यायचं?

अशा गोष्टी सांगितल्या की कुणीतरी पटकन म्हणतं, 'बघा, किड्यांतसुद्धा किती एकोपा!' मला मात्र बुकनेराची आठवण जास्त टोचते. सगळं आयतं मिळालं आणि एकेक कसब गळत गेलं. ही काही बुकनेराची चूक नव्हे, त्याला निवड नव्हतीच. पण गटाच्या कामात मला अशा कितीतरी जणी भेटतात, ज्यांनी लग्नाआधी हिशेब लिहिले, नोकरी केली आणि वीस वर्षांनी बँकेची स्लिप भरायला हात थरथरतो. फरक एवढाच, की आपलं गेलेलं कसब परत शिकता येतं. दोन-तीन महिन्यांत त्याच बायका गटाचा जमाखर्च मांडू लागतात. बुकनेराला शेजारीण मिळाली ती प्रयोगशाळेत, आपल्याला ती दारात असते.

आणि डेंग्यूचं म्हणाल तर वोल्बाकियावाले डास आपल्या गावात कधी येतील तेव्हा येतील, तोवर थांबून चालणार नाही. एडिसची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात. कोरडी असली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळायचा. रांजण, ड्रम, कूलर, फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, सगळं नुसतं उपडं करायचं नाही, तर आतून काथ्याने घासून कोरडं करायचं. टाकीवर घट्ट झाकण किंवा कापड बांधायचं. हा डास बहुतकरून दिवसा चावतो, तेव्हा बाळाला दुपारी निजवतानाही मच्छरदाणी हवीच.

आणि उद्या कधी आरोग्य खात्याची माणसं वोल्बाकियाच्या डासांची गोष्ट घेऊन आपल्या गल्लीत आलीच, तर घाबरून दार लावून घेऊ नका आणि नुसती मानही डोलवू नका. कुठला वाण आणला आहे, आपल्या उन्हाळ्यात तो टिकतो का, हे त्यांना विचारा. आता तुम्हाला विचारता येईल.